खळ्यावरून गेलेली वाट

हे वाचून कोणी मला गावाचं नाव विचारू नये. फोन करून, मेसेज करून, किंवा लग्नात जेवणाच्या रांगेत हळूच बाजूला घेऊनसुद्धा विचारू नये. मी सांगणार नाही. इतर प्रवासवर्णनात कुठून वळायचं, चहा कुठे चांगला मिळतो, कुठे उतरायचं असं सगळं असतं. मीही तसलंच लिहायचो, तेही हौसेनं. त्यानं काय झालं तेच आता लिहितोय.

मी डोंबिवलीचा, पूर्वेचा. रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, वय चोपन्न. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तात साखर दाखवली आणि मी सायकल घेतली. पहिलं वर्ष फक्त ट्रकांचा धूर खाल्ला. शिळफाट्याच्या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच माहीत. मग मला नाद लागला बिनगाडीच्या वाटांचा. म्हणजे अशी वाट, की जिथं मोटार येऊच शकत नाही. बैलगाडीची जुनी चाकोरी, जंगल खात्याची मातीची पट्टी, नदीकाठची पायवाट. रात्री जेवण झालं की मी उपग्रहाची चित्रं उघडून बसायचो आणि बारीक पांढरी रेघ दिसली की तिच्या मागे लागायचो. बायको म्हणायची, "एवढ्या बारकाईनं कधी लाईटबिल वाचलं असतंस तर."

शोधलेली वाट मी रविवारी चालवून बघायचो आणि सायकलवाल्यांच्या ॲपवर टाकायचो. कुठे पाणी, कुठे सावली, कुठे फोटो, सगळ्या खुणा करून. आमच्या ग्रुपमधे मला रूटमास्तर म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. ऑफिसात तीस वर्षांत मला कोणी कसला मास्तर म्हटलं नव्हतं.

त्यातली सगळ्यात नावाजलेली वाट काळू नदीच्या बाजूची. दिवाळीनंतर टाकलेली. फेब्रुवारीत ग्रुपनं ठरवलं की पुढच्या रविवारी चाळीस जणांची राईड तिथं न्यायची, पुढे मी. त्याआधी एकदा वाट तपासून यावी म्हणून मी शुक्रवार-शनिवार सुट्टी टाकली आणि बस्त्यावला बरोबर घेतलं.

शुक्रवार: डोंबिवली ते जंगलाची कड

बस्त्याव ठाण्याच्या कोलशेतचा. ख्रिस्ती, तिथलाच पिढीजात. खाडीकाठच्या एका कंपनीत फिटर होता, आता रिटायर. साठी उलटली तरी चढावर माझ्या पुढे असतो आणि पुढे जाऊन शीळ घालत उभा राहतो, हे मला आवडत नाही. तो ग्रुपमधे नाही. मोबाईलवर फक्त फोन घेतो. "वाट दिसते ना रं समोर, मग त्या डबड्यात काय बघतंस?" हे त्याचं नेहमीचं.

ठाकुर्लीला तो मला सव्वासहाला भेटला. कल्याण जागं व्हायच्या आत आम्हांला पार करायचं होतं, पण घाऊक बाजाराकडे जाणारे टेम्पो आमच्याआधी उठलेले. शहाडचा पूल ओलांडला, टिटवाळा मागे टाकला, आणि मग एका ठिकाणी डांबर सोडलं. ते कुठे, ते नाही सांगत.

डांबर सोडल्यावर पहिली दहा मिनिटं काय होतं ते मात्र सांगतो. कान दुखतात. आवाज नसल्यामुळे. मग हळूहळू आपल्याच सायकलची साखळी ऐकू येते, नंतर टायरखालची पानं, आणि नंतर पाखरं. सागाची पानं गळून वाटभर पसरलेली, त्यांच्यावरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखं वाजायचं. सावरी फुललेल्या. पळस नुकता कुठे कुठे पेटायला लागलेला. एका वळणावर नदी दिसली, उन्हाळ्याआधीची, बारीक झालेली, खडकांमधून वाट काढणारी. खडकावर खंड्या बसलेला. आम्ही पंधरा मिनिटं तिथं बसलो, तो हलला नाही, शेवटी आम्हीच उठलो.

बस्त्यावच्या बायकोनं, फिलूनं, फुगे दिलेले. तांदळाच्या नाही, मैद्याच्या पिठाचे, आंबवून तळलेले गोल गोळे, त्यांच्याकडे लग्नात आणि सणाला करतात. बरोबर आदल्या दिवशीचं झणझणीत मटण. माझ्या डब्यात उपमा होता. मी माझा डबा उघडलाच नाही, घरी सांगितलं की संपवला.

दुपारी काटा लागला. माझ्याच टायरला, बाभळीचा, दोनदा. दुसऱ्यांदा बस्त्याव म्हणाला, "तुझ्या त्या यॅपवर काटा दाखवीत नाय काय रं?" मी ट्यूब बदलली. एक गुराखी बाई थांबून बघत होती. ती म्हणाली, "एवढा खटाटोप करण्यापरीस चालत का नाय जात?"

मुक्काम बस्त्यावच्या कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याच्या शेतावरल्या खोलीत. तो स्वतः नव्हता, किल्ली शेजारी ठेवलेली. आमच्या सोसायटीत किल्ली शेजारी ठेवायची तर आधी मीटिंग घ्यावी लागते. झोपायच्या आधी मी बस्त्यावला उद्याच्या जागेचं कौतुक सांगितलं. नदीच्या वर, गावाच्या बाहेर, एक गोल मैदान आहे. इतकं सपाट, इतकं गुळगुळीत, जणू कोणी आपल्यासाठीच करून ठेवलंय. मी तिथं सायकल गोल गोल फिरवत व्हिडिओ काढलेला, त्यावर गाणं टाकलेलं. ॲपवर खूण केलेली: गोल मैदान, विश्रांतीला उत्तम, इथे एक चक्कर माराच.

"मैदान?" बस्त्याव म्हणाला. "गावाच्या भायेर? कोण खेलतं तिथं?"

"कोणी नाही. रिकामं असतं."

त्यानं कूस बदलली. मला वाटलं झोपला.

शनिवार: गोल मैदान

दहाच्या सुमारास पोचलो. वाट नदीपासून वर चढते, एक आंब्याचं झाड, मग शेतं. भात केव्हाच कापलेलं, त्या ओलीवर वाल लावलेला. मी पुढे होतो, दाखवायचं होतं ना. वळण घेतलं आणि ब्रेक दाबला.

मैदान होतं, पण ते गुळगुळीत राहिलं नव्हतं. गोलाच्या कडेकडेनं टायरांच्या चाकोऱ्या पडलेल्या, आत बोटभर खोल. मधे मातीचे पोपडे सुटलेले. एका बाजूला सायकलवाले चोखतात त्या एनर्जी जेलच्या, बिस्किटांच्या चांदीच्या पुड्या. मला आधी काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला वाटलं, च्यायला, एवढे लोक आले माझ्या वाटेवर. छाती अर्धा इंच फुगली.

मागे बघितलं तर बस्त्याव वीस पावलांवर सायकलवरून उतरलेला. सायकल आडवी ठेवलेली आणि खाली बसून बूट काढत होता. बूट, मोजे, दोन्ही. मग अनवाणी चालत आला आणि गोलाच्या कडेला थांबला. आत नाही आला.

"काय रे, पाय दुखतायत?"

"विनू," तो म्हणाला, "भायेर ये."

"का?"

"हे खळं हाय रं. भाताचं खळं. तू बुटानिशी उभा हायेस त्याच्यात."

मी खाली बघितलं. पिवळसर, टणक, कुठे कुठे अजून शेणाचा हात दिसत होता, बोटांच्या अर्धगोल रेषा. खळं हा शब्द मला माहीत होता. शाळेत कवितेत होता, मार्क पण मिळालेले. पण खळं डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. जन्म डोंबिवलीत, आजोळ गिरगावात. चोपन्न वर्षं दोन वेळा भात खाल्ला, आणि तो आधी कुठे झोडतात हा प्रश्न एकदाही पडला नाही. आमच्याकडे जेवताना एक खडा लागला तर मी ताट सरकवतो. मागे एकदा दहा किलोची पिशवी दुकानदाराला परत नेऊन दिलेली, वर चार शब्द सुनावलेले.

बस्त्याव सांगत होता, आवाज न चढवता. कापणीनंतर बाया जागा खरवडतात, पाणी शिंपतात, लाकडी चोपण्यानं धोपटतात, वर शेणानं सारवतात. सुकून पत्र्यासारखी झाली की मग त्यावर भात झोडायचं. जरा पोपडा निघाला की माती दाण्यात जाते. त्याच्या बापाचं खळं कोलशेतला होतं, आता तिथं टॉवरचं पार्किंग आहे. "माझा बापूस खळ्यावर विडी पण ओढीत नव्हता," तो म्हणाला. "आमी क्रिस्तांव, पण रास पडली की पहिलं पाद्रीला आशीर्वाद द्यायला बोलवायचो. खळ्यावर चप्पल घालून आलेल्या पाव्हण्याला आयसनं घरात घेतलं नव्हतं."

मी बाहेर आलो. बूट हातात घेऊन उभा राहिलो. आता बूट काढून काय उपयोग होता, पण काढले.

इतक्यात वालाच्या शेतातून एक बाई सरळ उभी राहिली. पासष्टीची असेल, काष्टा घातलेला, हातात शेंगांची टोपली. आमच्या सायकली बघून तिचा चेहरा कडू झाला, मग आमचे अनवाणी पाय दिसले आणि ती थबकली.

"तुमी त्यांच्यातलं नाय वाटतं," ती म्हणाली. "पायातलं काढलाव. कुठशी आलाव?"

तिचं नाव हिराबाय. एवढं एक भात आणि मागचा वाल, एवढंच शेत. मुलगा कल्याणला ड्रायव्हर, आठवड्यानं येतो. घरात ती आणि सून मंदा. सगळं तिनं खळ्याच्या कडेला बसून सांगितलं, आम्ही विचारायच्या आधी.

"दिवाली झाली नि ती सायकलवाली येवाला लागली. पहिलं दोघं, मंग दहा, मंग झुंडी. गोल गोल फिरतान नि फोटू काढतान. म्हटलं बाबांनो, खळं हाय. तर म्हणतान, मावशी, मोबाईलमदी लिवलंय मैदान. मी दोनदा सारवलं. तिसऱ्यांदी सूनबायनं सारवलं. रईवार आला की गेलं. भात तर घरात आनाला पायजे, पाऊस पडला मधी अवेळचा. मंग तसंच झोडलं." तिनं हात झटकले. "ज्या मेल्यानं ते मोबाईलात घातलंय ना, त्याचा मुडदा बशिवला. रोज सकाली बोलते मी. चूल पेटवते नि त्याला बोलते."

बस्त्यावनं माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं: आजी, मीच तो. तिनं शिव्या घातल्या असत्या, मी ऐकून घेतल्या असत्या, फार तर तिनं टोपली फेकून मारली असती. पण तोंड उघडलं की काहीतरी वेगळंच बाहेर आलं. मी म्हणालो, "फारच वाईट झालं हो." जसं काही पेपरात वाचलं होतं.

"जेवाला चला," हिराबाय म्हणाली. "पायातलं काढणारा मानूस उपाशी जावा व्हय?"

आम्ही नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही. घर तिथून जवळच, विटांचं, पुढे मांडव. मंदा शिलाई मशीनवर बसलेली, तिशीची, अंगावर टेप लटकलेली. ती उठली, पाणी दिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं, पण मला त्या दिवशी झाडंही माझ्याकडे बघतायत असं वाटत होतं.

डोंबिवलीत अनोळखी माणूस दारात आला तर आम्ही आधी साखळी लावून बोलतो. इथं पाच मिनिटांत पाट पडले. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, सुकट परतलेली, कांदा, आणि भात. वालाच्या कोवळ्या दाण्याला जो एक हिरवा कडवट वास असतो तो आमच्या बाजारात सोललेला मिळतो त्या वालाला नसतो. बस्त्याव मनापासून जेवत होता. मीही सुरुवात केली.

हिराबायनं भात वाढताना हात आखडला. "जरा जपून खावा दादा. औंदा दाण्यात खडा हाय. रोज दोन ताटं निवडतो आमी, तरी राहतो. पाव्हण्याला असला भात वाढाला शरम वाटते, पण दुसरा नाय घरात."

तिला शरम वाटत होती. मला घास हातात धरून बसावं लागलं. तोंडात घातला, दुसऱ्या का तिसऱ्या घासाला दाढेखाली कचकन आलं. आवाज एवढा मोठा की तिनं ऐकला.

"लागला ना? सांगते तर काय."

"नाही, नाही," मी म्हणालो आणि गिळला. त्या जेवणात मी असे चार-पाच खडे गिळले. एकही बाहेर काढला नाही. पानात एक शीत ठेवलं नाही. ती म्हणाली, दादांना भूक लागलेली दिसते, आणि आणखी वाढला.

हात धुतल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, तुमी शिकलेलं हाव. ते मोबाईलमदलं पुसता येतं का हो? माझा पोरगा म्हणतो कंपनीला लिवावं लागंल, इंग्रजीत."

"बघतो," मी म्हणालो.

मोबाईल काढला. आणि आता जे केलं ते लिहायला मला तीन महिने लागले. मी शोधण्याचं नाटक केलं. अंगठा वर-खाली फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या, "हं, हा असावा," असं पुटपुटलो. माझंच खातं, माझाच फोटो, हेल्मेट आणि काळा चष्मा घातलेला. माझीच वाट. काढून टाका यावर बोट ठेवलं. वाट गेली, व्हिडिओ गेला, खाली लोकांनी टाकलेले अंगठे आणि वाहवा गेली.

"झालं आजी. काढून टाकलं."

"खरंच? पुसलं?"

"पुसलं."

हिराबायनं माझ्या कानांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकड आवाज आला. "देव तुमचं भलं करो बाबा. चार महिनं कोनी ऐकलं नाय, तुमी एका बोटानं केलात." आत जाऊन तिनं कागदात बांधून वालाच्या शेंगा आणल्या आणि माझ्या पिशवीत घातल्या. मी घेतल्या. नको कसं म्हणणार होतो, कुठल्या तोंडानं.

बस्त्याव उठून मांडवातून बाहेर गेला आणि सायकलीला हवा भरत बसला. तिच्या चाकांत हवा भरपूर होती.

नदीपर्यंत

मंदा आम्हांला वाटेला लावायला आली. बस्त्याव पुढे गेलेला. आंब्याच्या झाडाखाली ती थांबली.

"काका, एक विचारू? दुसऱ्यानं टाकलेलं आपल्याला काढता येतं का हो?"

मी सायकलचं हँडल धरून उभा.

"मी बारावी झालेय," ती म्हणाली. "त्या पोरांनी मला दाखवलेलं. नाव होतं, फोटो होता. हा पिवळा शर्ट पण होता. तुम्ही मांडवात आलात तेव्हाच ओळखलं मी."

"मंदा, मी सांगणारच होतो. आत्ता चल, मी तिला सांगतो. हात जोडतो."

"नको."

"अगं, माझी चूक आहे, मला सांगू दे."

"तुम्हाला सांगून मोकळं व्हायचंय," ती म्हणाली. रागानं नाही, कापड मोजावं तशी. "त्यांचं काय? चार महिने रोज सकाळी त्या शिव्या घालतायत. मुडदा बसव, वाटोळं होऊ दे, सगळं. आज त्याच माणसाला हातानं वाढलं, बोटं मोडली. आमच्यात घरी जेवलेल्याला शिवी लागली तर ती वाढणाऱ्यावर येते. त्या धसका घेतील. बीपी आहे त्यांना. आज किती महिन्यांनी हसल्या त्या, बघितलंत ना? ते राहू द्या त्यांना."

"मग मी काय करू?"

"ज्यांनी ज्यांनी ती वाट उतरवून घेतलीय त्यांच्याकडून काढा. तुम्ही पुसलंत म्हणून त्यांच्या मोबाईलमधून जात नाही, मला कळतं तेवढं. आणि आईंना काही सांगू नका. कधीच."

ती वळली आणि गेली. मी नदीत उतरलो. पाणी घोट्याएवढं, मी सायकल खांद्यावर घेऊन पार केली, आणि बस्त्यावजवळ पोचल्यावर सगळं सांगितलं. वाटलं, तो तरी शिव्या देईल, बरं वाटेल. त्यानं सायकलचं चाक हातानं एकदा फिरवलं.

"पोरीचं बरोबर हाय," तो म्हणाला. "तू जेवायच्या आधी बोलायला पायजे होतास. पाटावर बसलास तिथंच येळ गेली." आणि कल्याणपर्यंत त्यानं शीळ घातली नाही.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं. रविवारची राईड रद्द, कारण ज्याला मी मैदान म्हणालो ते एका घराचं खळं आहे, चूक माझी, वाट कृपया काढून टाका. पहिलं उत्तर आलं: अरे इतकं काय मनावर घेतोस, बाजूनं जाऊ. दुसरं: आम्ही नीट चालवतो रे, मागून येणारे घाण करतात. एकानं खाजगीत फाईल मागितली, फक्त माझ्यासाठी हवी, कोणाला देत नाही. मी एकेकाला फोन केले. काहींनी काढली, काहींनी काढली म्हणून सांगितलं. एका ओळखीच्यानं विचारलं, "तुला त्यांनी पकडलं का?" मी म्हणालो, "नाही, जेवायला वाढलं." तो हसला. रूटमास्तर हे नाव मी सोडलं, पण ते मी सोडलंय हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही, अजून तसंच हाक मारतात.

दिवाळीनंतर

हे सगळं मी मेमध्ये इथवर लिहून ठेवलेलं, आणि तिथंच संपवणार होतो. पण यंदाची दिवाळी झाली आणि बस्त्यावला मंदाचा फोन आला. बस्त्यावनं निघताना तिला आपला नंबर दिलेला, मला न सांगता. खळं करायचंय, जुन्या चाकोऱ्या भरायच्यात, मातीला माणूस लागतो, येता का, एवढंच ती म्हणाली. आम्ही गेलो. सायकली नाही नेल्या. एसटीनं गेलो आणि उरलेलं चाललो. सायकलवर जे दोन तासांत मागे पडायचं त्याला चालत अर्धा दिवस लागला. त्या गुराखी बाईचं बरोबर होतं.

दिवसभर काम केलं. नदीवरून माती आणली, खड्डे भरले, पाणी शिंपडलं. चोपण्यानं धोपटताना माझ्या खांद्यात कळ यायला लागली, बस्त्याव माझ्या दुप्पट धोपटत होता आणि मला कुठे मऊ राहिलंय ते पायाच्या अंगठ्यानं दाखवत होता. दुपारनंतर हिराबायनं शेण कालवलं. मी म्हणालो, मला शिकवा. ती हसली, म्हणाली, शहरातलं हात, वास जाणार नाय दोन दिवस. मग शिकवलं. तळवा सपाट, मनगट ढिलं, एका दमात अर्धा गोल.

शेजारच्या शेतावरच्या दोघी-तिघी बाया बघायला आल्या. शर्ट-पँटीतला, टक्कल पडलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून सारवतोय, बघण्यासारखं होतंच. एकीनं विचारलं, "हिराबाय, हे पाव्हणं कोन गं?"

हिराबाय कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला खूप दिवसांपासून हे कोणाला तरी सांगायचं होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"हेच गं ते. आमचं खळं वाचवलं ते दादा. त्या मेल्याला मोबाईलात हुडकून काढला नि पुसून टाकला. एक पैसा घेतला नाय. नि आता बग, सारवाला पण आलंत. असा मानूस देवानं घडवला नाय दुसरा."

बाया माझ्याकडे बघून हात जोडायला लागल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजला. बस्त्याव पाणी आणायच्या निमित्तानं नदीकडे निघून गेला. माझ्या शेजारी मंदा सारवत होती, तिचा हात थांबला नाही, तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"काका," ती म्हणाली, "तिकडचा कोपरा राहिलाय."